टीम पकडणारा फॅन आणि टीममध्येच वाढलेला फॅन

"तू या टीमचा का रे?" असं विचारल्यावर ज्याच्याकडे धड उत्तर असतं, धोनी आहे म्हणून, बॉलिंग भारी आहे म्हणून, तो बहुतेक वेळा टीम निवडलेला फॅन असतो. आणि जो "का म्हणजे काय, आहे" म्हणून आपल्याकडेच वेड्यासारखा बघतो तो वाढलेला. बाहेरून दोघं सेम दिसतात, टीम हरली की दोघांचंही जेवण जात नाही आणि ग्रुपवर दोघंही तेवढीच आगपाखड करतात, त्यामुळे कोण किती कट्टर यावरून ओळखायला गेलात तर हमखास गंडाल.

कोल्हापुरात हे दोन्ही प्रकार एकाच पोरात सापडतात. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ या तालीम-मंडळांच्या फुटबॉल मॅचेस होतात तेव्हा त्या पोराला कोणी विचारतच नाही की तुला कुठली टीम आवडते, घर ज्या तालमीजवळ ती टीम, विषय संपला. खेळणारा गल्लीतलाच, कोणाचा तरी दादा, काल पेनल्टी घालवलेला गडी आज सकाळी कट्ट्यावर चहा पीत बसलेला असतो आणि त्याला तिथंच तोंडावर सुनावता येतं, वर तोही उलटं सुनावतो. शिव्या घालायच्या पण दुसऱ्या पेठेतल्याने घातल्या तर अंगावर जायचं, असा तो सगळा कारभार.

मग वर्ल्ड कप येतो आणि हेच पोरगं ब्राझील नाहीतर अर्जेंटिना पकडतं. चौकात कटआऊट, झेंडे, रात्रभर जागरण, सगळं खरं, खोटं काहीच नाही त्यात. पण अर्जेंटिना का, तर मेस्सी. म्हणजे कारण आहे, आणि कारण असलं की ते उद्या जाऊही शकतं.

पुणेकरांइतका याचा अनुभव कोणाला नसेल. २०११ ला आयपीएलमध्ये पुणे वॉरियर्स आली, २०१३ नंतर गेली. मग चेन्नई आणि राजस्थान दोन वर्षं बॅन झाले म्हणून २०१६ ला रायझिंग पुणे आली, ती पण दोनच सीझन. त्यात २०१७ ची फायनल हैदराबादला, समोर मुंबई, टार्गेट फक्त १३०, शेवटच्या ओव्हरला ११ हवे, आणि पुणे १ रनने हरलं! पुढच्या वर्षी टीमच नाही. आणि वर कहर म्हणजे २०१८ ला कावेरीच्या आंदोलनामुळे चेन्नईच्या घरच्या मॅचेस गहुंज्याला आल्या, तिकडून फॅन ट्रेन भरून आले, म्हणजे स्टेडियम आपलं आणि घरची टीम दुसऱ्यांची. आता अशा शहरातल्या पोराने वाढायचं कुठल्या टीममध्ये? निवडावीच लागणार, मग कोणी मुंबई घेतं, कोणी मुंबईला शिव्या घालता याव्यात म्हणून मुद्दाम चेन्नई घेतं (हे कारण मला तरी एकदम पटतं).

निवडलेल्याला कमी लेखायची फॅशन आहे ती मला झेपत नाही. उलट तोच जास्त अभ्यास करतो, रात्री दीडला उठून इंग्लंडच्या आर्सेनलची फुटबॉल मॅच बघणारा साताऱ्याचा पोरगा जुन्या कोचपासून सगळं सांगेल, कारण त्याला सारखं सिद्ध करायला लागतं. वाढलेल्याला ऑफसाईड नीट समजत नसला तरी त्याला कोणी जाब विचारत नाही.

खरा गोंधळ होतो तो खेळाडूचा फॅन आणि टीमचा फॅन यात. २०२४ ला रोहितच्या जागी हार्दिक कॅप्टन झाला तेव्हा वानखेडेवर घरच्याच लोकांनी हार्दिकची हुर्यो उडवली, मुंबई १४ पैकी १० मॅच हरून शेवटी दहाव्या नंबरवर गेली. त्या गर्दीत दोन्ही जातीचे लोक होते आणि ओरडताना आवाज एकच येत होता. ज्याला फक्त रोहित हवा होता त्याला टीम हरली तरी आतून जरा बरंच वाटत होतं. जो लहानपणापासून मुंबईचा होता तो हार्दिकला शिव्या घालत होता आणि त्याच हार्दिकने पुढच्या बॉलला सिक्स मारावी म्हणून देवही पाण्यात घालून बसला होता.