ऑफलाइन चित्रं आणि सात एमबीचा हिशेब

ऑफलाइन चित्रांची चर्चा आता सर्व्हिस वर्करपासूनच (पान आणि नेट यांच्या मध्ये बसून मागण्या हाताळणारी ब्राउझरमधली स्क्रिप्ट) सुरू होते, आणि ते रास्त आहे. नव्वदच्या दशकातल्या कॅश हेडरांचा (साठवलेल्या प्रतीबद्दल सर्व्हर ज्या सूचना पाठवतो त्यांचा) भर जुनी प्रत कधीपर्यंत चालवायची यावर होता. नेटच नसेल तर काय, हा प्रश्न तेव्हा कुणी फारसा विचारत नव्हतं. तो एचटीएमएल५ सोबत आलेल्या, साइटच्या फाइली ब्राउझरमध्ये साठवणाऱ्या अ‍ॅपकॅशने हाती घेतला. पण मॅनिफेस्टमधली, म्हणजे साठवायच्या फाइलींच्या यादीतली, एक फाइल जरी ४०४ (‘सापडली नाही’) आली तरी सगळं अपडेट रद्द व्हायचं. शेकडो फोटो असलेल्या साइटला हे झेपणारं नव्हतं.

मोबाइल अ‍ॅपमध्ये खरी ओढाताण मेमरीची होती. १२ मेगापिक्सेलचा फोटो डिस्कवर काही एमबींत मावतो, पण डीकोड झाला की साधारण ४८ एमबी खातो. अँड्रॉइडवर आधी बिटमॅप (डीकोड झालेली चित्रं) सॉफ्ट रेफरन्समध्ये, म्हणजे गरज पडली तर सोडून देता येईल अशा सैल पकडीत, धरून ठेवत. २.३ आवृत्तीपासून गार्बेज कलेक्टर, म्हणजे नको असलेली मेमरी साफ करणारी यंत्रणा, ते झपाट्याने मोकळे करू लागला आणि ती युक्ती बाद झाली. मग वर मेमरीतली एलआरयू कॅश (सर्वात जास्त काळ न वापरलेलं आधी काढणारी) आणि खाली डिस्क कॅश, अशी रचना रुळली.

वेबवर सर्व्हिस वर्कर २०१५ च्या सुरुवातीला क्रोममध्ये आला, सफारीत २०१८ मध्ये. कोणतं चित्र ठेवायचं, कोणतं टाकायचं, हे आता डेव्हलपरच्या हातात आलं. निदान तसं वाटलं.

चित्रं सहसा दुसऱ्या डोमेनवरून, सीडीएनवरून (फाइली पुरवणाऱ्या सर्व्हरांच्या जाळ्यावरून) येतात. साध्या इमेज टॅगने मागवलेलं असं चित्र सर्व्हिस वर्करला ‘ओपेक’ प्रतिसाद म्हणून मिळतं. ते दाखवता येतं, साठवता येतं, पण आत डोकावता येत नाही. स्टेटस शून्य दिसतो, त्यामुळे चित्राऐवजी ४०४ आलं तरी तेच निमूटपणे कॅशमध्ये जातं आणि ‘आधी कॅश’ धोरण असेल तर तुटकं चित्रच दिसत राहतं.

खरा वाद मात्र आकाराचा. क्रोम अशा प्रत्येक प्रतिसादाच्या नावावर कोट्यात (साइटला मिळालेल्या साठवणुकीच्या मर्यादेत) साधारण ७ एमबी लावतो. २० केबीचे ५० थंबनेल प्रत्यक्षात १ एमबी. हिशेबात ३५० एमबी. स्वस्त फोनवर कोटा संपल्याची एरर येते आणि डिस्क बघावी तर मोकळी.

कारण सुरक्षेचं आहे. खोडसाळ पानाने दुसऱ्या साइटचा प्रतिसाद साठवून आधीचा-नंतरचा वापर मोजला, तर नेमके बाइट कळतात. त्यावरून तुम्ही तिथे लॉगिन आहात की नाही याचाही अंदाज बांधता येतो. आकार झाकणं गरजेचंच होतं आणि तो निर्णय मला पूर्ण पटतो. पटत नाही ते हे की, त्याची किंमत चुकीच्या माणसाच्या माथी मारली गेली. उपाय म्हणून इमेज टॅगवर क्रॉसओरिजिन (दुसऱ्या साइटकडे रीतसर परवानगी मागणारी खूण) लिहायचं, पण पलीकडच्या सर्व्हरने परवानगीचं हेडर दिलं नाही तर चित्र उघडतच नाही, ऑनलाइनसुद्धा. ज्याचा सर्व्हर स्वतःचा नाही, त्याच्यापुढे दोन्ही वाटा वाईट. ब्राउझरने निदान कन्सोलमध्ये स्पष्ट इशारा द्यायला हवा होता. कित्येक टीम आजही कारण समजेपर्यंत भलत्याच ठिकाणी बग शोधत बसतात.

२०२० मध्ये सफारीने आणखी एक बंधन घातलं: ब्राउझर वापरात असूनही सात दिवस साइटला हात लावला नाही, तर स्क्रिप्टने साठवलेलं सगळं पुसलं जातं, सर्व्हिस वर्करच्या कॅशसकट. होम स्क्रीनवर ठेवलेल्या वेब अ‍ॅपला यातून सूट मिळाली. शिवाय डिस्क भरत आली की ब्राउझर एखाददुसरं जुनं चित्र काढत नाहीत, त्या ओरिजिनचा, म्हणजे त्या साइटचा, सगळा साठाच काढतात. तो टिकवण्याची विनंती करता येते. फायरफॉक्स त्यासाठी वापरकर्त्याला विचारतो, क्रोम न विचारता स्वतःच ठरवतो.