घरकुल, पेन्शनचा प्रश्न संसदेत न्यायचाय? अर्ज नेमका कुठे अडकतो ते आधी वाचा

घरकुलाच्या यादीत नाव नाही, निराधारचे पैसे मध्येच बंद झाले, झोपडी पाडली पण पर्यायी खोली मिळाली नाही. तालुक्याला चकरा मारून माणूस थकला की कुणीतरी सांगतं, "खासदारांना भेटा, संसदेत विषय मांडतील." मग खासदारांच्या कार्यालयात अर्ज येतो. सोबत आधार, रेशन कार्ड, उत्पन्नाचा दाखला, पडक्या भिंतीचे फोटो असा जाडजूड गठ्ठा. यातले बहुतेक अर्ज पुढे सरकत नाहीत, आणि दर वेळी खासदाराची अनास्था हे त्याचं कारण नसतं. अर्ज चुकीच्या सभागृहाकडे गेलेला असतो, नाहीतर त्यातली मागणी संसद पूर्ण करूच शकत नाही अशी असते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. खासदार घरकुल मंजूर करत नाही. त्याच्या शिफारसपत्राने प्रतीक्षा यादीतला क्रमांक वर सरकत नाही. खासदार निधीतून कुणाचं खासगी घर बांधून मिळत नाही. संसदेत तो बोलू शकतो ते योजनेवर, तिच्या नियमांवर, तिच्यासाठी ठेवलेल्या पैशांवर. म्हणून "माझं घरकुल मंजूर करा" हा अर्ज तिथे चालत नाही. "स्वतःच्या नावावर जागा नसलेल्यांना घर मंजूर होऊनही बांधता येत नाही, त्यांच्या जागेचं काय?" हा चालतो. तुमची अडचण तीच असते, पण ती तुमच्यासारख्या सगळ्यांची म्हणून मांडावी लागते.

विषय दिल्लीचा की मुंबईचा?

सगळ्यात जास्त अर्ज इथेच बाद होतात. लोकसभेच्या नियम १६० प्रमाणे, जो विषय सर्वसाधारणपणे राज्याच्या विधिमंडळात मांडायला हवा, त्यावर लोकसभेत याचिका, म्हणजे सभागृहालाच उद्देशून केलेला लेखी अर्ज, घेतली जात नाही. खासदार सभागृहात विचारतात त्या प्रश्नांनाही तीच अट आहे. विषय मुख्यतः केंद्र सरकारच्या अखत्यारीतला असावा लागतो.

संजय गांधी निराधार अनुदान योजना राज्याची आहे. रमाई आवास, शबरी आवास, मोदी आवास घरकुल योजना याही राज्याच्या. शेवटच्या योजनेचं नाव ऐकून कितीतरी लोक ती केंद्राची समजतात, त्यात त्यांचा काय दोष? म्हाडा आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणही राज्याच्या कायद्यावर चालतात. झोपडपट्टीचा मूळ कायदा १९७१ चा, महाराष्ट्राचा. या सगळ्यासाठी आमदार, तारांकित प्रश्न (ज्याचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात), लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी) आणि विधानमंडळाची विनंती अर्ज समिती हा मार्ग आहे.

केंद्राचं काय? प्रधानमंत्री आवास योजना, ग्रामीण आणि शहरी दोन्ही. राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रमातलं वृद्ध, विधवा आणि दिव्यांगांचं निवृत्तिवेतन. शिवाय रेल्वेच्या जमिनीवरच्या वस्त्या, कारण जमीन केंद्राची. गोंधळ होतो तो दोघांनी मिळून चालवलेल्या योजनांत. ग्रामीण आवास योजनेत महाराष्ट्रासाठी केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० टक्के. नियम दिल्लीत ठरतात, यादीची पडताळणी गावात होते. तेव्हा नियमाबद्दलची तक्रार दिल्लीची, आणि ग्रामसभेने नाव वगळलं ही तक्रार पंचायत समितीची आणि त्यानंतर जिल्ह्याच्या अपील समितीची. दोन्ही एकाच अर्जात कोंबल्या की दोन्हीकडून अर्ज परत.

लेखी नकार: जो कागद कुणाकडेच नसतो

ज्या तक्रारीवर कायद्याने, नियमाने दाद मागायची सोय आधीच आहे, तीही याचिका म्हणून चालत नाही. म्हणजे खालचे दरवाजे ठोठावून झालेत हे दिसलं पाहिजे. आणि इथेच माणूस अडतो, कारण आपल्याकडे नकार तोंडी मिळतो. खिडकीपलीकडचा माणूस संगणकाकडे बघत म्हणतो, "तुमचं नाव दिसत नाही," आणि पुढच्याला बोलावतो. त्या वाक्याचा ना क्रमांक, ना तारीख, ना सही. सहा महिन्यांनी ते वाक्य कुणी बोललंच नव्हतं असं होतं.

म्हणून तोंडी विचारूच नका. अर्ज दोन प्रतींत लिहा, आवक विभागात द्या, आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलू नका. "साहेब नाहीत, नंतर या" असं म्हणाले तर स्पीड पोस्टने पोचपावतीसह पाठवा. मग उत्तर आलं नाही की माहितीच्या अधिकारात विचारा: अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर काय कार्यवाही झाली, आणि नाव कोणत्या निकषाने वगळलं. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाही, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात हा अर्ज १५० शब्दांत बसवावा लागतो आणि एका अर्जात एकच विषय चालतो, तेव्हा रामायण लिहू नका. या उत्तरातून तुम्हाला तो निकष लेखी मिळतो, आणि पुढे संसदेत भांडायचं असतं ते त्या निकषाशीच.

कोर्टात केस चालू असेल तर मात्र थांबा. न्यायप्रविष्ट विषयावर याचिका घेतली जात नाही. न्यायाधिकरण किंवा आयोगापुढे असलेल्या विषयाचंही तेच.

याचिका: गठ्ठा घरी ठेवा

लोकसभेत याचिका कुणीही नागरिक करू शकतो. शुल्क नाही. ती खासदारामार्फत सादर होते, आणि मग त्यावर त्या खासदाराची प्रतिस्वाक्षरी लागते. नाहीतर थेट लोकसभेच्या महासचिवांकडे पाठवता येते. खासदार तुमच्याच मतदारसंघाचा हवा असं नाही. तुमच्या खासदाराने तोंड फिरवलं तर दुसरा गाठा.

आता कागदपत्रांचं बघू. आयुष्यभर आपल्याला प्रत्येक खिडकीवर झेरॉक्स, साक्षांकित प्रत, प्रतिज्ञापत्र मागितलेलं असतं. त्यामुळे लोक याचिकेलाही सगळं जोडतात. लोकसभेचा नियम १६३ नेमकं उलट सांगतो: याचिकेला पत्रं, प्रतिज्ञापत्रं किंवा इतर कागद जोडायचे नाहीत. म्हणणं याचिकेच्या मजकुरातच आलं पाहिजे. कागद फाइल लावून घरी तयार ठेवा. समितीने मागितले तर तेव्हा द्या.

भाषेचा काटा वेगळाच. घटनेच्या कलम ३५० ने तक्रारीचं निवेदन राज्यात वापरल्या जाणाऱ्या भाषेत देण्याचा हक्क दिलाय. पण लोकसभेच्या याचिकेला हिंदी किंवा इंग्रजी लागते. मराठीत लिहिली तर सोबत हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर हवं, आणि त्या भाषांतरावर याचिकाकर्त्याची सही हवी. नुसतं भाषांतर जोडून चालत नाही. भाषांतर करून देणाऱ्याने खाली आपलीच सही ठोकली, असेही अर्ज असतात. सही तुमची हवी. सही येत नसेल तर अंगठा चालतो, पण पूर्ण नाव आणि पत्ता प्रत्येकाचा हवा.

गावाच्या शंभर सह्या जोडणार असाल तर कोऱ्या कागदांवर गोळा करू नका. राज्यसभेचा नियम तर स्पष्ट आहे: ज्या कागदावर याचिका लिहिलीय त्यावर निदान एक सही हवी, आणि सह्यांची पानं वाढली तर प्रत्येक पानाच्या डोक्यावर याचिकेतली विनंती पुन्हा लिहिलेली हवी. लोकसभेसाठीही हेच करा. कोऱ्या पानावरची सही उद्या कुठल्याही मजकुराला जोडता येते, एवढं एक कारण पुरे आहे.

शेवटचा परिच्छेद सगळ्यात महत्त्वाचा, आणि तोच सगळ्यात कच्चा असतो. याचिका सभागृहाला उद्देशून लिहायची असते, आणि तिचा शेवट ठरावीक, स्पष्ट विनंतीने व्हावा लागतो. "गरिबांना न्याय मिळावा ही नम्र विनंती" यावर मंत्रालयाला काय विचारायचं? त्याऐवजी असं लिहा: "ग्रामीण आवास योजनेत सपाट भागात घरामागे मिळणारे १ लाख २० हजार रुपये २०१६ पासून तेवढेच आहेत. बांधकाम साहित्याच्या आजच्या दरांनुसार या रकमेचा फेरविचार व्हावा." किंवा: "वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात ६० ते ७९ वयोगटासाठी केंद्राचा वाटा महिना २०० रुपये आहे. तो वाढवावा आणि महागाईशी जोडावा." यात आकडा आहे, योजनेचं नाव आहे आणि काय बदलायचं ते आहे. मंत्रालयाला उत्तर देणं भाग पडतं. राग कितीही खरा असला तरी शिव्याशाप नकोत. भाषा संयत हवी हाही नियमच आहे.

याचिकेच्या चौकटीत न बसणारी निवेदनंही लोकसभेची याचिका समिती पाहते. पण त्यात दोन प्रकार नुसतेच फाइलबंद होतात. एक, ज्यावर नाव-पत्ता नाही किंवा वाचताच येत नाही असं पत्र. दुसरा आपल्याकडचा आवडता: जिल्हाधिकाऱ्यांना लिहिलेला अर्ज आणि खाली "प्रत माहितीस्तव: पंतप्रधान, मुख्यमंत्री, लोकसभा अध्यक्ष". अशी प्रत, तिच्यावर दाद मिळण्याची वेगळी विनंती नसेल तर, विचारातच घेतली जात नाही. दहा जणांना प्रती पाठवून वजन वाढत नाही. लोकसभेसाठी वेगळं पत्र लिहा.

खासदाराकडून प्रश्न: मुदत उलटी मोजा

याचिकेपेक्षा प्रश्नाचं उत्तर लवकर मिळतं, पण इथे तारीख चुकते. लोकसभेत प्रश्नाची सूचना उत्तराच्या दिवसाआधी किमान १५ पूर्ण दिवस द्यावी लागते. पूर्ण दिवस म्हणजे सूचना दिल्याचा दिवस आणि उत्तराचा दिवस, दोन्ही धरायचे नाहीत. शिवाय प्रत्येक मंत्रालयाचे उत्तराचे वार ठरलेले असतात. अधिवेशन सुरू झाल्याची बातमी बघून जे अर्ज घेऊन धावतात, त्यांच्या हातून सुरुवातीचे आठवडे गेलेले असतात. अधिवेशनाच्या तारखा जाहीर झाल्या की त्याच आठवड्यात कार्यालयात जा.

तिथे चार पानी कैफियत नको, अर्धं पान पुरे. प्रश्न साधारण १५० शब्दांत बसावा लागतो. सहज उपलब्ध असलेली माहिती विचारता येत नाही, म्हणून "महाराष्ट्रात किती घरं मंजूर झाली" असला प्रश्न गळतो, तो आकडा योजनेच्या संकेतस्थळावर असतो. ज्याचं उत्तर आधी दिलंय तेच पुन्हा विचारता येत नाही. संसदेच्या संकेतस्थळावर खासदाराच्या नावाने आणि मंत्रालयाने जुने प्रश्नोत्तर शोधता येतात. ते आधी चाळा. तुमचा खासदार घरं आणि पेन्शन या विषयांवर आजवर किती वेळा बोललाय, हेही तिथेच कळेल. कार्यालयात जाताना ते माहीत असलेलं बरं.

तारांकित प्रश्न मिळावा असा आग्रह धरू नका. लोकसभेत दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न यादीत येतात, आणि क्रम सोडतीने लागतो. अतारांकिताचं लेखी उत्तर तितकंच सरकारी असतं आणि बऱ्याचदा त्यात आकडे जास्त असतात. दुसरी सोय नियम ३७७ ची. खासदार आठवड्यातून एकदा, २५० शब्दांच्या आत, तातडीचा विषय मांडू शकतो. मंत्र्याचं उत्तर नंतर खासदाराला पत्राने येतं, तुम्हाला नाही. कार्यालयात मागितलं नाही तर ते पत्र तिथेच कपाटात राहतं.

उत्तर हातात पडल्यावर त्यातलं एकेक वाक्य नीट वाचा. "माहिती गोळा करण्यात येत असून सभागृहासमोर ठेवली जाईल", "प्रस्ताव विचाराधीन आहे" ही वाक्यं वाचून लोक कागद बाजूला टाकतात. टाकू नका. अशी वाक्यं सरकारी आश्वासनात मोडतात आणि ती तीन महिन्यांत पूर्ण करायची असतात. झाली नाहीत तर मंत्रालयाला मुदतवाढ मागावी लागते आणि हिशेब सरकारी आश्वासन समितीपुढे द्यावा लागतो. उत्तराची तारीख, प्रश्न क्रमांक आणि मंत्रालय लिहून ठेवा, तीन महिने उलटले की खासदारांच्या कार्यालयात त्या क्रमांकासह एक ओळीचं पत्र द्या, आणि त्या पत्राचीही पोच घ्या.