रायफल मॅचमधलं 'टॅक्टिकल' नेमकं आलं कुठून?

मॅचच्या फॉर्मवर डिव्हिजनचा, म्हणजे सामानाप्रमाणे पाडलेल्या गटाचा एक रकाना असतो, त्यात मी 'टॅक्टिकल'वर टिक करतो आणि त्याचा फोटो चुकून फॅमिली ग्रुपवर गेला की पुण्याहून मावशीचा फोन येतो, अरे तू नक्की काय करतोयस तिकडे. काही नाही मावशी, त्या टिकचा अर्थ एवढाच की माझ्या रायफलवर एक स्कोप आहे. खरंच एवढाच. डावपेच वगैरे काही नसतात. रविवारी सकाळी दहाबारा लोकांचं स्क्वॉड, त्यातले निम्मे चाळिशी ओलांडलेले, प्रत्येकाच्या रायफलच्या चेंबरमध्ये ती रिकामी असल्याची खूण म्हणून रंगीत प्लास्टिकचा फ्लॅग, आणि नेम धरण्यापेक्षा जास्त वेळ टार्गेटच्या भोकांवर पॅच चिकटवण्यात आणि स्टीलची टार्गेटं परत रंगवण्यात जातो. पण या शब्दामागे बरीच मोठी भानगड आहे, आणि ती माहीत नसली की अमेरिकेतली मॅच, युरोपातली मॅच आणि लांब पल्ल्याची मॅच यांची नुसती खिचडी होते.

फार जुनं सांगत बसत नाही. अमेरिकेत 1903 पासून सरकारी पाठबळाने राष्ट्रीय रायफल सामने होतात, 1907 पासून ओहायोतल्या कँप पेरीला. ते मैदानी प्रकारचे, म्हणजे 200, 300, 600 यार्डांवर ठरलेल्या पोझिशनमध्ये, ठरलेल्या वेळेत. शिस्तीचा खेळ आहे, त्याबद्दल आदर आहे, पण तिथे धावायचं नसतं आणि पुढे काय येणार हे आधीच माहीत असतं. आपला खेळ, म्हणजे एकेका स्टेजवर घड्याळ लावून धावतपळत पुठ्ठा आणि स्टील मारायचा, त्या झाडाची फांदी नाही. तो आला पिस्तुलाच्या बाजूने, पन्नासच्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातल्या बिग बेअरला समोरासमोर उभं राहून झटकन पिस्तूल काढण्याच्या ज्या स्पर्धा व्हायच्या तिथून. मग 1976 च्या मे महिन्यात मिझुरीतल्या कोलंबिया गावात देशोदेशीची मंडळी जमली, जागतिक संघटना (आयपीएससी) झाली, लॅटिनमधलं ब्रीद ठरलं, अचूकता, ताकद, वेग. हे तिन्ही आजही स्कोअरिंगमध्ये दिसतात.

शब्दांची पहिली हलवाहलव इथेच झाली. तोवर सगळे सर्रास 'कॉम्बॅट' म्हणायचे. संघटनेच्या नावात मात्र 'प्रॅक्टिकल' आलं. हे साधं बारसं नव्हतं. 'कॉम्बॅट' म्हटलं की समोरचं पुठ्ठ्याचं टार्गेट म्हणजे माणूस होतो, आणि असा खेळ बहुतेक देशांत सरकारी परवानगीपर्यंत पोचलाच नसता. पुढे तर टार्गेटचं डोकंच गेलं, आंतरराष्ट्रीय मॅचमध्ये आता कोपरे कापलेला बिनडोक्याचा पुठ्ठा असतो, अमेरिकेत अजून डोकंवालाही चालतो. आंतरराष्ट्रीय नियमपुस्तकात साधा खेळाडू सैनिकी छापाचे कपडे घालून आला तर ते चांगलं समजलं जात नाही असं स्पष्ट लिहिलंय, पोलीस किंवा सैन्यातला असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे ज्याला बाहेरचे 'टॅक्टिकल' समजतात तो खेळ स्वतः चाळीसेक वर्षं त्या दिसण्यापासून लांब पळतोय. मला हे योग्य वाटतं, जुन्या खोडांना वाटत नाही, ते म्हणतात खेळाचा कणाच काढला.

रायफल या सगळ्यात उशिरा घुसली. ऐंशीच्या दशकात सैनिकी विषयांवरच्या एका मासिकाने रायफल, पिस्तूल आणि शॉटगन अशी तिन्ही मिळून मोठी मॅच भरवायला सुरुवात केली, ती पुढे बरीच वर्षं लास वेगासच्या वाळवंटात व्हायची. आज जे 'थ्री गन' किंवा 'मल्टिगन' म्हणतात त्याचं मूळ तिथे. आणि तिथूनच पुढे प्रश्न आला की रायफलींचे गट कसे पाडायचे, कारण एकाची उघडी साईट (नळीवरचे नुसते लोखंडी नेम), दुसऱ्याचा स्कोप, तिसऱ्याची बायपॉड (पुढची दोन पायांची टेकण) लावलेली लांबलचक नळी, आणि तिघांना एकाच यादीत टाकलं की पहिल्या स्टेजलाच भांडण.

त्याचा जो तोडगा निघाला तो असा. ओपनमध्ये जवळपास सगळं चालतं. लिमिटेडमध्ये आधी उघडी साईट, नंतर झूम नसलेला, नुसता ठिपका दाखवणारा डॉटही चालू लागला. हेवी मेटल म्हणजे मोठ्या काडतुसांची हत्यारं, .308 ची रायफल, .45 चं पिस्तूल आणि 12 बोअरची पंप शॉटगन, ज्यांना खांदा निळा करून घ्यायची हौस आहे त्यांच्यासाठी. आणि मधला जो गट उरला, रायफलवर एकच स्कोप, बायपॉड नाही, नळीच्या टोकाचा काँपेन्सेटर (धक्का आवरणारा तुकडा) ठरलेल्या मापात, त्याला नाव दिलं 'टॅक्टिकल'. आता याच्यात टॅक्टिकल काय आहे? माझी समजूत अशी की नव्वदच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकन सैन्य रायफलींवर रेड डॉट लावू लागलं होतं, पोलीसही, त्यामुळे 'ड्युटीवरचा माणूस जशी रायफल बाळगतो तशी' एवढ्या अर्थाने तो शब्द चिकटला. सामानाच्या गटाचं नाव होतं ते, लढण्याच्या पद्धतीचं नाही. गंमत म्हणजे पुढे उलटं झालं. 1 ते 4 पट, मग 1 ते 6 पट झूम होणारे स्कोप मॅचवाल्यांनी आधी घासूनपुसून वापरले, 10 यार्डांवरचा पुठ्ठा आणि 300 यार्डांवरचं स्टील एकाच स्कोपने मारता यावं म्हणून, आणि सैन्याने 1 ते 6 वाला बऱ्याच नंतर घेतला. म्हणजे नाव सैन्याकडून मॅचमध्ये आलं आणि स्कोप मॅचमधून सैन्याकडे गेला.

याच काळात कायद्याने अजून एक गोंधळ घातला आणि तो माझ्या मते लोक फार लवकर विसरले. 13 सप्टेंबर 1994 ते 13 सप्टेंबर 2004, बरोबर दहा वर्षं, अमेरिकेत केंद्रीय बंदी होती. मॅगझीन निघणाऱ्या सेमी-ऑटो (दर वेळी चाप ओढला की एक गोळी, पुढची आपोआप भरणारी) रायफलवर पिस्तूलसारखी मूठ, घडीचा किंवा सरकणारा दस्ता, संगिनीची खाच, फ्लॅश हायडर (नळीच्या तोंडचा जाळ झाकणारा तुकडा), ग्रेनेड लाँचर यांतल्या दोन गोष्टी असल्या की ती बाद. मूठ तर एआर-15 छापाच्या रायफलला असतेच, म्हणजे एक संपलीच, मग बाकीचं सगळं काढा. दस्ता पक्का झाला, फ्लॅश हायडर गेला आणि त्याच्या जागी धक्का कमी करणारा ब्रेक आला जो मॅचला उलट जास्तच उपयोगी. 10 पेक्षा जास्त राउंडचं नवीन मॅगझीन बनवायला बंदी पण जुनं वापरायला परवानगी, त्यामुळे जुन्या मॅगझीनचे भाव चढले आणि तीस राउंडची स्टेज लावली की नवीन माणूस दोनदा मॅगझीन बदलणार आणि जुना एकदाही नाही. बंदीचं समर्थन करणारे आणि विरोध करणारे दोघेही रायफल 'कशी दिसते' यावरच भांडत राहिले. 2004 ला बंदी संपली आणि मग दुकानांत टॅक्टिकल शब्दाचा पूर आला, टॅक्टिकल पँट, टॅक्टिकल पेन, टॅक्टिकल टॉर्च. आज नवीन माणूस हा शब्द घेऊन येतो तो त्या दुकानातून, त्याला वाटतं मॅचला छातीवर चिलखती प्लेटा बांधून जायचं असतं, आणि उन्हात दुसऱ्या स्टेजनंतर त्या सगळ्या गाडीत जातात.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण 2012 पासून बोल्ट रायफलींची (दर गोळीला हाताने भरायच्या) लांब पल्ल्याची मालिका सुरू झाली, पिंपावर, छपरावर, शिडीवर रायफल टेकवून दूरचं स्टील मारायचं, आणि तिथेही एक 'टॅक्टिकल' डिव्हिजन निघाली! तिथे त्याचा अर्थ काडतुसाशी जोडलेला, फक्त .308 आणि .223, तेही वजन-वेगाच्या मर्यादेत, बाकी 6 मिलीमीटरची कमी धक्क्याची काडतुसं त्या गटात चालत नव्हती. म्हणजे एकाच शब्दाचा एका मैदानावर अर्थ स्कोप, दुसऱ्यावर काडतूस. फॉर्म भरताना डिव्हिजनच्या नावाखालची बारीक अक्षरं वाचा, मी पहिल्यांदा वाचली नव्हती आणि बायपॉडमुळे थेट ओपनमध्ये गेलो, तिथे शेवटून तिसरा.

मल्टिगन सोडून नुसत्या रायफलच्या आंतरराष्ट्रीय नियमांत टॅक्टिकल नावाचा गटच नाही, सेमी-ऑटो आणि मॅन्युअल अशी ढोबळ विभागणी, सेमी-ऑटोत पुन्हा ओपन आणि स्टँडर्ड. तिथे ताकद मोजतात ती गोळीचं वजन ग्रेनमध्ये गुणिले वेग फूट प्रति सेकंद भागिले हजार. 320 पासून वर मेजर, 150 पासून 320 च्या आत मायनर. 5.56 या हलक्या काडतुसाची 55 ग्रेनची गोळी जरी 3000 च्या वेगाने गेली तरी 165, म्हणजे मायनर. .308 ची 147 ग्रेन 2750 ने, 404, आरामात मेजर. मेजरवाल्याला कडेच्या झोनला एकेक गुण जास्त, मधल्या अल्फाला दोघांनाही 5. मग एकूण गुण भागिले सेकंद. म्हणून बहुतेक लोक हलकी 5.56 घेऊन अल्फाच मारायला बघतात.

युरोपात हाच वाद कायद्याच्या पुस्तकात शिरला. जर्मनीत 2002 च्या एर्फुर्ट शाळेतल्या गोळीबारानंतर कायदा कडक झाला आणि खेळासाठी कुठली सेमी-ऑटो रायफल चालणार नाही याचं मापच ठरलं, युद्धातल्या हत्यारासारखी दिसणारी असेल आणि नळी 42 सेंटीमीटरपेक्षा आखूड असेल तर नाही. 'दिसणं' सेंटीमीटरमध्ये मोजलं त्यांनी. ब्रिटनमध्ये 1987 च्या हंगरफर्डमधल्या गोळीबारानंतर 1988 ला सेंटरफायर (.22 पेक्षा ताकदवान काडतुसांच्या) सेमी-ऑटो रायफली गेल्याच, मग तिथले लोक एआरसारखीच दिसणारी पण दर गोळीला हाताने बोल्ट ओढायची रायफल घेऊन तेच स्टेज पळू लागले, नाहीतर .22 ची सेमी-ऑटो. मला वाटतं सगळ्यात चिवट शूटर तेच. पॅरिसच्या नोव्हेंबर 2015 च्या हल्ल्यानंतर युरोपियन युनियनने नियम बदलायला घेतले आणि 2017 ला ते आले, त्यात खेळाडूंसाठी सवलती ठेवल्या गेल्या. फिनलंडने आपल्या राखीव सैनिकांसाठी सगळ्यात जास्त आवाज उठवला होता, त्यांच्याकडे राखीव सैनिकांच्या रायफल स्पर्धा हा वेगळाच प्रकार आहे आणि तिथे मात्र टॅक्टिकल म्हणण्यात अर्थ आहे. त्याच 2017 मध्ये रायफलची पहिली जागतिक स्पर्धा मॉस्कोजवळ कुबिंकाला झाली, 2019 ला स्वीडनच्या कार्ल्सकुगाला, आणि तिसरी 2024 ला फिनलंडमध्येच, औलूला.

आपल्याकडे रायफल म्हटलं की 10 मीटर आणि 50 मीटर, जाड चामड्याचं जाकीट, आणि 2024 ला राधानगरी तालुक्यातल्या पोराने पॅरिसहून आणलेलं ब्राँझ. सेमी-ऑटो सेंटरफायर रायफल भारतात साध्या परवान्यावर मिळतच नाही, 7.62 आणि .303 प्रतिबंधित बोअर, म्हणजे वर जी .308 मेजर म्हणून मिरवते तिचं सख्खं भावंडच तिकडे बंद. त्यामुळे मावशीला उदाहरण द्यायला माझ्याकडे काहीच नसतं, मग मी म्हणतो लगोरी समज, फक्त कानाला मफ लावून.