रुग्ण व लोकसहभाग, रक्तवाहिनी रोगांच्या संशोधनातील

रोहिणी (हृदयाकडून रक्त नेणाऱ्या वाहिन्या) व नीला (हृदयाकडे रक्त परत आणणाऱ्या वाहिन्या) यांच्या विकारांवरील संशोधनात रुग्ण, त्यांची काळजी घेणारे नातेवाईक व सामान्य नागरिक यांनी सल्लागार किंवा सहसंशोधक म्हणून काम करण्याची पद्धत. चाचणीत नाव नोंदवून उपचार घेणे वा रक्ताचा नमुना देणे याला ही संज्ञा लागू होत नाही. ही गल्लत संशोधन-प्रस्तावांत वारंवार आढळते.

संकल्पनेच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. काही अभ्यासक तो शेरी आर्नस्टीन यांच्या १९६९ मधील आठ पायऱ्यांच्या ‘नागरिक सहभागाच्या शिडी’त शोधतात, मात्र ती शिडी नगरविकास योजनांसंदर्भात मांडलेली होती. काही जण प्राथमिक आरोग्यसेवेवरील १९७८ च्या आल्मा-आता जाहीरनाम्याकडे बोट दाखवतात. त्यात आरोग्यसेवेच्या नियोजनात भाग घेणे हा लोकांचा हक्क व कर्तव्य मानले आहे, पण संशोधनाचा विचार गौण आहे. १९८३ च्या ‘डेन्व्हर तत्त्वां’त एड्सबाधितांनी निर्णयाच्या प्रत्येक स्तरावर स्थान मागितले. मागणी खुद्द आजाऱ्यांकडून आल्याने हे तिसरे मत अधिक ग्राह्य वाटते. ब्रिटनमध्ये १९९६ च्या सुमारास या कामासाठी शासकीय सल्लागार गट नेमला गेला. तोच पुढे ‘इन्व्हॉल्व्ह’ म्हणून ओळखला गेला.

२००४ मध्ये स्थापन झालेल्या जेम्स लिंड अलायन्स या ब्रिटिश उपक्रमाची संशोधन-प्रश्नांचा प्राधान्यक्रम ठरवण्याची पद्धत तेथील रक्तवाहिनी शल्यचिकित्सकांच्या संघटनेनेही वापरली. प्रथम रुग्ण व वैद्यक दोघांकडून अनुत्तरित प्रश्न मागवतात. सारखे प्रश्न एकत्र करून, उत्तर आधीच उपलब्ध असलेले वगळतात. उरलेल्यांवर दुसऱ्या फेरीत पसंती घेतात आणि शेवटी समोरासमोरच्या चर्चेत पहिले दहा निवडतात.

सहभागाचा खरा उपयोग परिणाम कशाने मोजायचा हे ठरवताना होतो. पायाच्या रोहिणी अरुंद झाल्या की चालताना पोटरीत गोळे येतात. शल्यचिकित्सक बायपास (अडथळ्याला वळसा घालून जोडलेली वाहिनी) उघडा आहे का, घोटा व दंड यांच्या रक्तदाबाचे गुणोत्तर ०.९ च्या वर गेले का, हे पाहतो. रुग्णाला मात्र न थांबता दुकानापर्यंत जाता येते का, हे हवे असते. आराखडा पक्का झाल्यावर रुग्णांना फक्त माहितीपत्रक वाचायला दिले, तर हे मोजमाप बदलण्याची वेळ निघून गेलेली असते.

बैठकीची आखणी आजारानुसार करावी लागते. पायावर नीलाजन्य व्रण असलेल्यास पाय उंच ठेवण्यासाठी जादा खुर्ची हवी. पाय कापावा लागलेल्यास वाहनतळ ते सभागृह हे अंतर आधी कळवावे. डायलिसिसवरील रुग्णाचे बहुधा आठवड्यातून तीन दिवस अडकलेले असतात. पक्षाघाताने वाचा गेलेल्यास चित्रे, छोटी वाक्ये व पुरेसा वेळ द्यावा. मानधन व प्रवासखर्च वेगवेगळे नोंदवावेत; मानधनामुळे शासकीय भत्ता कापला जाण्याची शक्यताही आधीच तपासावी.

सर्वांत मोठी उणीव प्रातिनिधिकतेची आहे. पाय कापल्यानंतरच्या पहिल्या वर्षातच अनेक रुग्ण दगावतात, त्यामुळे गटात तगलेल्यांचाच आवाज येतो. इंग्लंडमध्ये महारोहिणी विस्फाराची (पोटातील मुख्य रोहिणी फुगण्याची) नियमित तपासणी ६५ व्या वर्षी फक्त पुरुषांची होते. तिच्या यादीतून सदस्य निवडल्यास स्त्रिया आपोआप गळतात. केलेल्या सहभागाची नोंद ठेवण्यासाठी २०१७ मध्ये ‘ग्रिप-२’ ही सूची प्रसिद्ध झाली. तिच्या लघुरूपात पाच बाबी आहेत.

भारतात २०१९ च्या नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचण्या नियमांनुसार चाचणीला मंजुरी देणाऱ्या नीतिसमितीत एक सामान्य व्यक्ती असावी लागते. तिच्यासमोर आराखडा लिहून झाल्यावर येतो. प्रश्न व मोजमाप तोवर ठरलेले असतात.