पट्टीवर ऑईल भरपूर, तरी लाल दिवा का लागतो?

आमच्याकडे बाबांची १९९८ ची मारुती ८०० आहे, कार्ब्युरेटरवाली, अजून रोज चालते. मागच्या मे महिन्यात साताऱ्याला जाताना खंबाटकी घाट चढून पलीकडे चहाला थांबायचं म्हणून गाडी हळू केली आणि डॅशबोर्डवरची ती लाल झारी, म्हणजे ऑईलचा दिवा, लुकलुकायला लागली. थोडी रेस दिली की विझायची, पाय काढला की परत हजर. बाबा म्हणाले, "ऑईल तर परवाच बघितलंय, पट्टीवर (डिपस्टिकवर) वरच्या खुणेच्याही वर आहे, कमी कुठून असणार?"

बहुतेकांची गल्लत इथेच होते. हा लाल दिवा ऑईल किती आहे ते सांगतच नाही, ऑईलला दाब किती आहे ते सांगतो. (काही नवीन गाड्यांत पातळीसाठी वेगळा पिवळा दिवा असतो, पण जुन्या गाड्यांत हा एकच.) म्हणजे चेंबर (इंजिनखालची ऑईलची टाकी) काठोकाठ भरलेलं असलं तरी बेअरिंगपर्यंत, म्हणजे इंजिनातला फिरणारा दांडा ज्यांत बसतो तिथपर्यंत, दाब पोचत नसेल तर दिवा लागणार. आणि त्याचा स्विच साधारण ४-५ पीएसआयला (दाब मोजायचं एकक) चालतो. टायरमध्ये आपण ३० भरतो, आणि गरम इंजिनात वेगात जाताना ऑईलचा दाबही साधारण ४० च्या आसपास असतो, त्यातलं जवळजवळ सगळं गेल्यावर हा दिवा बोलतो. म्हणून घरी जाऊन बघू वगैरे नको, गाडी बाजूला घ्या आणि आधी इंजिन बंद करा.

हा दाब लागतो कशाला, याची गोष्ट मला फार आवडते. १८८३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये बीचम टॉवर नावाचा इंजिनिअर रेल्वेच्या धुऱ्याच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. तेल सोडायला त्याने बेअरिंगला वरून भोक पाडलं, तर तेल आत जायच्याऐवजी उलट बाहेर यायला लागलं. त्याने लाकडी खुंटी ठोकून भोक बंद केलं तर ती खुंटीच हळूहळू वर ढकलली गेली. मग तिथे प्रेशर गेज लावला आणि काटा २०० पीएसआयच्या पुढे, गेजची हद्दच संपली. फिरणारा धुरा स्वतःच तेल फटीत ओढून घेतो, त्याची पाचर तयार होते आणि धुरा त्या पाचरीवर चक्क तरंगतो. १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने याचं गणित मांडलं. पावसात जोरात जाणारी गाडी पाण्यावर तरंगून घसरते ना, विज्ञान तेच, फक्त तिथे जीव जातो आणि इंजिनात त्याच्यावरच सगळं टिकून असतं. तेलाचा हा थर काही मायक्रॉनचा, माणसाचा केस त्याच्या कितीतरी पट जाड. ऑईल पंपाचं काम एवढंच की तिथे तेल सतत पोचवत राहायचं. ते थांबलं की धातूवर धातू, बेअरिंग गरम होऊन चिकटतं, आणि मग इंजिनकाम.

आता आमच्या गाडीचं कोडं. पंप दाब तयार करत नाही, तो नुसतं तेल ढकलतो, दाब तयार होतो वाटेतल्या अडथळ्यामुळे. बिल्डिंगमध्ये सकाळी सगळ्यांचे नळ एकदम सुरू झाले की वरच्या मजल्यावर धार बारीक होते तसंच समजा. बेअरिंग झिजली म्हणजे सगळे नळ उघडे राहिले. आणि हे सरळ प्रमाणात वाढत नाही, फट दुप्पट झाली तर त्यातून निसटणारं तेल आठपट होतं, फटीच्या घनाच्या प्रमाणात. दुसरी गोष्ट तेलाच्या घट्टपणाची. २०डब्ल्यू-४० सारखं ऑईल ४० अंशाला जेवढं घट्ट असतं त्याच्या साधारण आठव्या-नवव्या हिश्श्यावर १०० अंशाला येतं. म्हणून घाट चढून तापलेलं इंजिन, त्यात आयडलिंगला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, पंप हळू फिरतोय, अशा वेळी दिवा सगळ्यात आधी लुकलुकतो आणि रेस दिली की विझतो. वळणावर किंवा ब्रेक मारल्यावर लागत असेल तर मात्र बहुतेक वेळा ऑईल खरंच कमी असतं, ते एका बाजूला सरकतं आणि पंपाला ऑईल देणारी चेंबरमधली गाळणी हवा ओढते.

साताऱ्यात एका गॅरेजवाल्याने बघून-न बघून सांगितलं की सेन्सर, म्हणजे तोच स्विच, गेलाय, आणि नवीन बसवून दिला. दुसऱ्या दिवशी परत तेच. स्विच खराब होतच नाही असं नाही, पण त्याची परीक्षा पाच मिनिटांची आहे. इंजिन बंद ठेवून चावी ऑन करायची, दिवा लागलाच पाहिजे. स्विचची वायर काढली की तो विझला पाहिजे, ती वायर इंजिनच्या धातूला टेकवली की परत लागला पाहिजे. वायर काढूनही दिवा चालूच राहिला तर वायर कुठेतरी बॉडीला लागतेय. एवढं करून वायरिंग बरोबर निघाली तर स्विच काढून त्याच जागी मेकॅनिकल गेज लावायचा आणि इंजिन चांगलं तापू द्यायचं, मग खरा आकडा समोर येतो. हे न करता स्विच बदलणं मला अजिबात पटत नाही.

आमचं उत्तर मात्र पट्टीवरच होतं. पुण्यात परत आल्यावर आमच्या नेहमीच्या मिस्त्रींनी पट्टी काढली, फडक्याने पुसली, परत घालून काढली, आणि पातळीकडे न बघता आधी नाकाशी नेली. मग माझ्या हातात दिली. पेट्रोलचा भपकारा! ऑईलचा थेंब बोटांत चोळला तर पाण्यासारखा पातळ, तार म्हणून येत नव्हती. या गाडीचा पेट्रोल पंप इंजिनलाच बसवलेला असतो, त्यातला रबराचा पडदा, म्हणजे डायफ्रॅम, फाटला की पेट्रोल थेट चेंबरमध्ये उतरतं. म्हणजे बाबांना पट्टीवर जे जास्तीचं दिसत होतं ते ऑईल नव्हतंच! दोन ऑईल चेंजच्या मध्ये पट्टीवरची पातळी कधीच वाढत नसते, वाढली तर काहीतरी आत शिरतंय, पेट्रोल नाहीतर पाणी. पाणी असेल तर ऑईल दुधाळ चहासारखं दिसतं.

अशा वेळी घट्ट ऑईल टाकून दिवा बंद करून देणारेही भेटतात, गाडी विकायच्या आधी तर हमखास. झिजलेल्या इंजिनाला जरा घट्ट ग्रेडने थोडे दिवस मिळतात हे खरं, पण आमच्या गाडीत ते ऑईलही महिनाभरात पेट्रोलने पातळ झालं असतं आणि तोपर्यंत बेअरिंग गेली असती.

पेट्रोल पंप, ऑईल आणि फिल्टर बदलला, मग गेज लावून अर्धा तास गाडी चालू ठेवली. गरम इंजिन, आयडलिंगला काटा २० च्या जरा खाली, रेस दिली की ४५. बेअरिंग शाबूत होत्या. बाबा आता चावी फिरवली की लगेच स्टार्टर मारत नाहीत, आधी झारी पेटते का बघतात, कारण बल्बच उडालेला असेल तर दाब गेल्याचं कळणारच नाही.