आपण ज्याला 'पॉमेरियन' म्हणतो तो नेमका कोण? इंडियन स्पिट्झ आणि पॉमेरेनियन

"आमच्याकडे लहानपणी पॉमेरियन होता, अगदी तसाच हवाय." कुत्रा घ्यायचं ठरवलेल्या घरांतून हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की माझे पुढचे प्रश्न ठरून गेलेत. पांढरा होता का? हो. उचलायला दोन्ही हात लागायचे? हो. पोस्टमन आला की गल्ली डोक्यावर घ्यायचा? हो, अगदी! मग तो पॉमेरेनियन नव्हता. तो इंडियन स्पिट्झ होता.

समोरच्याला हे ऐकून थोडं वाईट वाटतं, आठवणीतल्या कुत्र्याचं नावच कुणी बदलल्यासारखं. घोळ नुसता नावाचा असता तर मी बोललेही नसते. पण मनात असतो स्पिट्झ, तोंडात नाव असतं पॉमेरियन, आणि त्या नावाने आज घरी आणलेलं पिल्लू कधी मोठं होऊन दोन-अडीच किलोंवर थांबतं, तर कधी पंधरा किलोंवर जातं. ज्या घरात स्पिट्झ मजेत चौदा वर्षं काढेल, त्याच घरात पॉमेरेनियनचा पाय पहिल्या वर्षात मोडू शकतो.

दोघं एकाच खानदानातले. जर्मन स्पिट्झ हा त्यांचा पूर्वज: उभे टोकदार कान, कोल्ह्यासारखं तोंड, पाठीवर वळलेली झुपकेदार शेपूट. बाल्टिक समुद्राच्या काठावर पोमेरेनिया नावाचा प्रदेश आहे, आज तो पोलंड आणि जर्मनीत विभागलेला आहे. त्या प्रदेशावरून पॉमेरेनियन हे नाव आलं. पण तेव्हाचा पॉमेरेनियन आजच्यासारखा मूठभर नव्हता. अठराव्या शतकात राणी शार्लटमुळे तो इंग्लंडच्या राजघराण्यात पोचला. त्या काळात गेन्सबरो या चित्रकाराने रंगवलेली कुत्री पाहिलीत तर ती आपल्या ओळखीच्या स्पिट्झएवढी दिसतात. १८८८ मध्ये राणी व्हिक्टोरियाने इटलीतल्या फ्लॉरेन्सहून मार्को नावाचा एक लहान चणीचा पॉमेरेनियन आणला. राणीला लहान कुत्री आवडतात म्हटल्यावर सगळ्यांनाच ती आवडू लागली, आणि निवडून निवडून पैदास करत ही जात आजच्या मापाला आली.

इकडे हिंदुस्थानात ब्रिटिशांबरोबर आलेल्या जर्मन स्पिट्झची वाट वेगळी झाली. इथलं ऊन आणि इथलं खाणं सोसणारी पिढी पुढे पुढे तयार होत गेली, ती इंडियन स्पिट्झ. कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणारा केनेल क्लब ऑफ इंडिया तिला स्वतंत्र जात मानतो. म्हणजे तिकडे कुत्रा लहान होत गेला, इकडे मोठा राहिला, आणि जुनं नाव मात्र आपल्या तोंडात तसंच बसलं. पुढे ऐंशी-नव्वदच्या दशकांत परदेशातून कुत्रा आणणं फार अवघड होतं, त्यामुळे शहरातल्या मध्यमवर्गीय घरांत स्पिट्झच दिसायचा. १९९४ साली 'हम आपके हैं कौन' या हिंदी सिनेमातल्या टफी या कुत्र्याने तर त्याला घराघरांत नेलं. टफीलाही लोक पॉमेरियनच म्हणत आले.

आता दोघं शेजारी उभे करून बघा. केसांचा फुगवटा डोळ्यांना फसवतो, म्हणून तळहाताने मानेमागचे केस दाबून खांद्याचं हाड शोधायचं आणि जमिनीपासून तिथपर्यंत मोजायचं. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे पॉमेरेनियन इथे साधारण १८ ते २४ सेंटीमीटर भरतो, वजन दीड ते साडेतीन किलो. इंडियन स्पिट्झमध्ये दोन मापं आहेत. लहान स्पिट्झ साधारण पाच ते सात किलोंचा. मोठा स्पिट्झ ३५ ते ४५ सेंटीमीटर उंच आणि बारा किलोंच्या पुढे, कधी वीसपर्यंतही. मग तोंड बघा. स्पिट्झचं नाक लांब, निमुळतं. पॉमेरेनियनचं तोंड आखूड, डोकं गोलसर, आणि कान इतके छोटे की आयाळीत जवळजवळ बुडून जातात. स्पिट्झचे कान लांबूनही दिसतात, पायही लांब असतात, त्यामुळे तो खरोखर चालतो. पॉमेरेनियन लुटुलुटु पळतो. रंगावरून मात्र ठरवू नका. स्पिट्झ बहुतेक पांढरा असतो, पण तपकिरी आणि काळाही असतो. पॉमेरेनियन नारिंगी जास्त दिसतो, तरी पांढराही असतोच.

घरातल्या माणसांचा विचार मी सगळ्यात आधी करते, कारण शेजारच्या इमारतीतल्या एका कुटुंबाबरोबर मी डॉक्टरांकडे गेले होते. घरात चार वर्षांचा मुलगा. वडिलांच्या लहानपणी स्पिट्झ होता, तो दिवाणावरून बिनधास्त उड्या मारायचा. त्याच आठवणीने त्यांनी एक नारिंगी पिल्लू आणलं, ते खरं पॉमेरेनियन होतं. पाचव्या महिन्यात मुलाच्या मांडीवरून ते फरशीवर उडी मारायला गेलं आणि पुढचा पाय मोडला. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला तेव्हा आम्ही सगळेच गप्प झालो. ते हाड जेमतेम पेन्सिलीएवढं जाड होतं. प्लेट बसवावी लागली. मुलगा आठवडाभर पिल्लाजवळ जायलाही घाबरत होता. त्याने काहीच वेडंवाकडं केलं नव्हतं, चार वर्षांची मुलं कुत्र्याला जशी मांडीवर घेतात तसंच घेतलं होतं. सहा-सात वर्षांखालची मुलं असलेल्या घरात पॉमेरेनियन आणू नये असं मी तेव्हापासून स्पष्ट सांगते. स्पिट्झही मुलांनी शेपूट ओढली तर गुरगुरेल, क्वचित चावेलही, तो काही लॅब्रॅडॉरच्या सहनशक्तीचा नाही. पण त्याचं अंग तरी दणकट असतं.

लहान चणीबरोबर पॉमेरेनियनच्या आणखी काही गोष्टी येतात. गुडघ्याची वाटी सरकणं त्याच्यात फार आढळतं. चालता चालता तो मागचा एक पाय उचलतो, लंगडी घातल्यासारखी दोन-तीन पावलं टाकतो आणि पुन्हा नीट चालायला लागतो. लोक त्याचे व्हिडिओ काढतात, गोड म्हणून. ते गोड नाही, डॉक्टरांना दाखवायचं लक्षण आहे. दुसरं म्हणजे त्याची श्वासनलिका नाजूक असते, पट्टा ओढला की बदकासारखा खोकला येतो. म्हणून गळ्यात पट्टा न घालता छातीवरून हार्नेस घालायचा. दुधाचे दात न पडता तसेच राहतात आणि दातांच्या दोन रांगा होतात. आणि अगदी लहान पिल्लू काही तास उपाशी राहिलं तरी रक्तातली साखर उतरून ते लडखडतं, प्रसंगी जिवावर बेततं. दर तीन-चार तासांनी थोडं थोडं भरवावं लागतं. दोघंही नोकरीला जाणारं जोडपं सकाळी नऊला कुलूप लावून जात असेल, तर या पिल्लाकडे कोण बघणार? हा प्रश्न मी विचारते तेव्हा बहुतेकांनी त्याचा विचारच केलेला नसतो. स्पिट्झचं पिल्लूही एकटं सोडायचं नसतंच, पण एक खाणं चुकलं तर त्याच्या जिवाला सहसा धोका नसतो.

खाण्याचं एक सांगते, कारण ते आपल्या स्वयंपाकघरातलं आहे. देवासाठी केलेला शिरा आजी प्रेमाने कुत्र्याच्या तोंडाशी नेते. त्यात मनुका असतात. मनुका, द्राक्षं, चॉकलेट, कांदा, लसूण हे कुत्र्यांना विषारी आहेत, दोघांनाही. पण पंधरा किलोंच्या स्पिट्झने चुकून गिळलेल्या आणि दोन किलोंच्या पॉमेरेनियनने गिळलेल्या त्याच चार मनुकांत फार फरक पडतो. कुत्रा कितीही मोठा असला तरी फोन डॉक्टरांना लगेच लावायचाच. दूध-पोळीवर वाढलेले स्पिट्झ आपण सगळ्यांनी पाहिलेत, पण ते त्या खाण्यामुळे वाढले नाहीत, ते खाऊनही वाढले. त्यांना अंडं, चिकन किंवा चांगलं कुत्र्यांचं खाणं हवं. आणि उतारवयात बहुतेक घरगुती स्पिट्झ फार लठ्ठ होतात, त्याचं कारण तीच पोळी आणि चहाबरोबरचं बिस्कीट.

ऊन. स्पिट्झला आपली हवा मानवते, पण म्हणजे त्याला उन्हाळा आवडतो असं नाही. अकोला, नागपूर, चंद्रपूरच्या मे महिन्यात दोघांनाही सकाळी सूर्य वर यायच्या आत आणि रात्री उशिराच बाहेर न्यायचं. दुपारच्या डांबरावर आपला तळहात काही सेकंद ठेवून बघा, म्हणजे त्यांच्या पंजांचं काय होतं ते कळेल. पॉमेरेनियनचा आतला लोकरीसारखा थर जास्त दाट, म्हणून त्याला गरमी जास्त होते. यावर उपाय म्हणून उन्हाळ्यात मशीन फिरवून केस पार उतरवतात. हे करू नका. दुहेरी केसांचा थर उन्हापासूनही वाचवतो, आणि पॉमेरेनियनचे असे काढलेले केस कधी कधी पुन्हा नीट येतच नाहीत, चट्टे राहतात. ब्रश करा, आतला मेलेला लोकरीचा थर निघाला की हवा कातडीपर्यंत जाते.

केस दोघांचेही गळतात. आमच्या स्वीटी या कुत्रीचे केस ती गेल्यावर दोन वर्षांनीही सोफ्याच्या फटीत सापडायचे. स्पिट्झला आठवड्यातून दोन-तीन वेळा ब्रश पुरतो. पॉमेरेनियनला जवळजवळ रोज लागतो, नाहीतर कानांमागे आणि काखेत गाठी बसतात आणि त्या कापूनच काढाव्या लागतात. कोकणातल्या किंवा मुंबईच्या पावसाळ्यात अंघोळीनंतर वरवर पुसून भागत नाही, केस मुळापर्यंत वाळले नाहीत तर आत बुरशी धरते. गोचिडांसाठी मानेच्या आयाळीत, कानात आणि पायांच्या बोटांमध्ये बोटं घालून बघायची, स्पिट्झच्या पांढऱ्या केसांतही त्या सहज लपतात.

भुंकण्याबाबत मी कोणालाच खोटा धीर देत नाही. दोघंही भुंकतात. लिफ्टचं दार, कुरियरवाला, वरच्या मजल्यावर सरकलेली खुर्ची, सगळ्याची दखल घेतली जाते. स्पिट्झचा आवाज भरदार, तो तळमजल्यापर्यंत जातो. पॉमेरेनियनचा तीक्ष्ण, तो भिंतीतून जातो. घरात कोणाला शांतता अत्यावश्यक असेल, आजारी माणूस असेल, तान्हं बाळ असेल, तर सध्या दोन्ही नकोत. लहान वयातच "बस" म्हटल्यावर थांबायला शिकवलं तर खूप फरक पडतो, आणि दोन्ही जाती हुशार असल्यामुळे शिकतातही लवकर.

मग कोणासाठी कोण? मला विचाराल तर आपल्याकडच्या बहुतेक घरांना स्पिट्झच. मुलं आहेत, माणसांची ये-जा आहे, गच्ची किंवा अंगण आहे, गावी जाताना कुत्रा गाडीत बरोबर येणार आहे, तर स्पिट्झ. मोठा स्पिट्झ घेणार असाल तर दिवसातून दोन वेळा चांगली अर्धा-अर्धा तासाची सैर धरून चाला, घरातल्या घरात फिरून त्याचं भागत नाही. पॉमेरेनियन मी सुचवते ते शांत, मोठ्या माणसांच्या घराला. निवृत्त जोडपं, लिफ्ट नसलेला तिसरा मजला, गुडघे दुखतात म्हणून लांब फिरणं नको, पण दिवसभर घरी कोणीतरी आहे आणि रोज ब्रश करायचा उत्साह आहे. त्या माणसांना पॉमेरेनियन जो लळा लावतो त्याला तोड नाही. फक्त तो खोलीभर पायात पायात करतो, म्हणून रात्री उठताना दिवा लावायची सवय ठेवायला सांगते, त्याच्यासाठी आणि त्यांच्यासाठीही.

पिल्लू घेताना फसगत होते ती सहा-आठ आठवड्यांच्या वयात, कारण तेव्हा दोघंही कापसाचे गोळे दिसतात. त्यातच बाजारात 'कल्चर पॉम' नावाचा एक प्रकार खपतो. अशी कोणतीही जात नाही. बहुधा तो लहान स्पिट्झ असतो किंवा मिश्र पैदास, आणि किंमत मात्र पॉमेरेनियनच्या जवळपास लावलेली असते. पिल्लू काट्यावर ठेवायला सांगा: दोन महिन्यांचं खरं पॉमेरेनियन पिल्लू बहुधा किलोच्या आतच असतं. पिल्लाच्या आईला बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, फोटोत नाही, समोर. ती जेवढी, साधारण तेवढंच तुमचं पिल्लू होणार. विकणारा "आई गावाला आहे" म्हणाला तर परत फिरा. केनेल क्लबचा कागद असेल तर त्यावरचं जातीचं नाव स्वतः वाचा, आणि पिल्लाच्या कातडीखाली बसवलेल्या मायक्रोचिपचा नंबर त्या कागदाशी जुळतो का ते बघा. २०१७ च्या केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही, म्हणून जन्मतारीख विचारा आणि लसीच्या कार्डावर ती लिहून घ्या.

स्पिट्झच हवा असेल तर पिल्लाचा हट्ट धरण्याआधी शहरातल्या प्राण्यांच्या निवाऱ्यांत चौकशी करा. घर बदललं, परदेशी गेले, बाळ झालं, म्हणून सोडून दिलेले तीन-चार वर्षांचे स्पिट्झ तिथे बसलेले असतात. त्यांचं वजन, आवाज, मुलांशी वागणं, सगळं समोर दिसतं, मोठा होऊन केवढा होईल हे विचारावंच लागत नाही. मुलांना बरोबर न्या, तास-दीड तास तिथे बसा, आणि कोणता कुत्रा आपणहून येऊन पायाशी टेकतो ते बघा.