पन्नास पास्कलचा वारा: घराची हवाबंदी मोजणाऱ्या यंत्राची पार्श्वभूमी

पणजी-पर्वरीकडच्या फ्लॅटमध्ये एसी लावलेल्या बेडरूमच्या कपाटामागे पावसाळ्यात बुरशी धरली, की पहिला दोष रंगाऱ्याला लागतो आणि दुसरा गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला. पुष्कळदा दोघेही निर्दोष असतात. पाणी भिंतीतून झिरपलेलेच नसते. ते हवेबरोबर आत आलेले असते: सरकत्या खिडकीच्या चौकटीतून, एसीच्या पाइपासाठी भिंतीला पाडलेल्या भोकातून, फॉल्स सीलिंगच्या वरच्या पोकळीतून. ही हवा किती येते हे अंदाजाने सांगणारे गल्लोगल्ली भेटतात. ते मोजता येते, आणि मोजणारे यंत्र चार दशकांहून अधिक काळ बाजारात आहे, हे मात्र आपल्याकडे घर बांधणाऱ्यांनाही फारसे ठाऊक नाही.

यंत्राचे नाव ब्लोअर डोअर. ते बनवणाऱ्या कंपन्या जगात मोजक्याच. त्यांत सर्वांत परिचित नाव अमेरिकेतील मिनिआपोलिसच्या ‘द एनर्जी कॉन्झर्व्हेटरी’ या कंपनीचे. मिनिआपोलिस हे हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस अंशांच्याही पलीकडे उतरणारे शहर. जिथे घर तापवण्यावर मोठा खर्च होतो तिथे असे यंत्र लागणार, यात नवल नाही. पण मग ते गोव्याच्या काय कामाचे? या प्रश्नाचे उत्तर यंत्राच्या इतिहासातच आहे, म्हणून तो आधी पाहू.

सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरून ती पाण्यात बुडवली की पंक्चर कळते, तत्त्व तेच. घराच्या मुख्य दारात ॲल्युमिनियमची लहानमोठी होणारी चौकट बसवायची, तिच्यावर नायलॉनचे कापड ताणायचे आणि कापडाच्या भोकात एक मोठा पंखा अडकवायचा. बाकीची दारे-खिडक्या बंद. पंखा घरातली हवा बाहेर ओढू लागला की आतला दाब उतरतो आणि प्रत्येक फटीतून बाहेरची हवा आत घुसते. आत-बाहेरच्या दाबात ५० पास्कलचा फरक येईपर्यंत पंख्याचा वेग वाढवायचा. ५० पास्कल म्हणजे जेमतेम पाच मिलिमीटर पाण्याचा दाब, किंवा ताशी सुमारे ३२ किलोमीटरचा वारा एकाच वेळी सगळ्या भिंतींवर आदळावा इतका जोर. तो फरक टिकवून ठेवायला पंख्याला तासाला किती घनमीटर हवा ओढावी लागते, तीच घराची गळती. तिला घराच्या घनफळाने भागले की तासाला हवा किती वेळा बदलते तो आकडा मिळतो. बांधकाम-विज्ञानाच्या भाषेत त्याला एन-५० म्हणतात.

या सगळ्याला चालना दिली १९७३ च्या तेलसंकटाने. तेलाचे भाव काही महिन्यांत चौपट झाले आणि थंड देशांतील सरकारांना पहिल्यांदा विचारावे लागले, की घरात ओतलेली उष्णता जाते कुठे? स्वीडनने १९७५ च्या इमारत नियमावलीत स्वतंत्र घरांसाठी गळतीची मर्यादा घातली: ५० पास्कलला तासाला तीन वेळा. मर्यादा घातली की मोजणे आले. १९७७ च्या सुमारास तिथल्या संशोधकांनी खिडकीत पंखा बसवून चाचण्या सुरू केल्या. म्हणजे आजच्या ‘डोअर’चा जन्म खिडकीतला. त्याच वर्षी कॅनडातील रेजायना शहरात सस्कॅचवान कॉन्झर्व्हेशन हाउस उभे राहिले. हॅरल्ड ऑर या अभियंत्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ते इतके घट्ट बांधले, की घर तापवणाऱ्या नेहमीच्या भट्टीची त्याला गरजच उरली नाही. ऑरने गळती मोजण्यासाठी स्वतःचा पंखाही तयार केला होता.

अमेरिकेत हे काम प्रिन्स्टन विद्यापीठात चालले होते. न्यू जर्सीमधील ट्विन रिव्हर्स या वसाहतीतील घरांचा तिथले संशोधक अनेक वर्षे अभ्यास करत होते. पोटमाळ्यावर उष्णतारोधक थर जाड असूनही घरे हिशेबापेक्षा कित्येक पट जास्त उष्णता वरच्या बाजूने गमावत होती. यान बेया, गौतम दत्त आदींनी कारण शोधले. गळती दिसणाऱ्या खिडक्यांतून कमी, आणि न दिसणाऱ्या वाटांनी जास्त होती. दोन घरांमधली सामाईक भिंत, पाइपांसाठी सोडलेली उभी पोकळी, छताखालची खोटी पोकळी, अशा गुप्त धुराड्यांतून गरम हवा थेट पोटमाळ्यावर चढत होती. १९७९ मध्ये ओके ब्लोम्स्टरबेरी हे स्वीडिश संशोधक प्रिन्स्टनला आले आणि पंख्याचे तंत्र त्यांच्यासोबत आले. मग पंखा, उष्णता टिपणारा कॅमेरा आणि फटी बुजवण्याचे सामान घेऊन घरोघर जाणारे ‘हाउस डॉक्टर’ तयार झाले. या साऱ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा धडा मला हाच वाटतो. खिडकीची फट डोळ्यांना दिसते म्हणून माणूस तीच बुजवत बसतो. मोठी गळती असते ती दिसत नाही अशा जागी.

प्रयोगशाळेतले यंत्र बाजारात आणणे ही वेगळीच कसोटी. सुरुवातीच्या पंख्याची तबकडी दाराच्या मापाच्या जड फळीवर बसवलेली असे. ती जिन्यावरून वर नेणे दोघांचे काम. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गॅरी नेल्सन यांनी मिनिआपोलिसमध्ये एनर्जी कॉन्झर्व्हेटरी सुरू केली. कॅनडात त्याच सुमारास रेट्रोटेक उभी राहिली. या कंपन्यांनी खरे काम केले ते पंखा प्रमाणित करण्याचे. तोंडावर लहान-मोठ्या कड्या बसवून एकच पंखा घट्ट घराचीही गळती अचूक मोजील आणि पडीक घराचीही, अशी सोय झाली. काटेवाले दाबमापक जाऊन डिजिटल दाबमापक आले. एनर्जी कॉन्झर्व्हेटरीचे डीजी-७०० हे मॉडेल वर्षानुवर्षे तपासनिसांच्या हातात राहिले. त्यानंतर स्पर्शपडदा असलेले डीजी-१००० आले. एसीच्या वाहिन्यांची गळती मोजणारा ‘डक्ट ब्लास्टर’ही त्यांचाच. चाचणीची पद्धत कंपन्यांवर सोडली गेली नाही, हेही महत्त्वाचे: अमेरिकेच्या एएसटीएम संस्थेचे ई-७७९ हे मानक १९८१ पासून आहे आणि पुढे आंतरराष्ट्रीय आयएसओ ९९७२ आले. जर्मनीत डार्मश्टाट येथे १९९१ मध्ये राहती झालेली पहिली पॅसिव्ह हाउस (अत्यल्प ऊर्जेत भागणारी) घरे आणि त्या चळवळीची एन-५० साठीची ०.६ ही कडक मर्यादा, हा याच वाटेवरचा टोकाचा मुक्काम.

इथवर सगळा बर्फाळ मुलुख. उष्ण, दमट हवेसाठीचे धडे आले फ्लोरिडातून. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथल्या सौरऊर्जा संशोधन केंद्रातील मंडळींना दिसले, की गळक्या एसी-वाहिन्यांमुळे घरातला दाब बिघडतो आणि बाहेरची ओली हवा आत खेचली जाते. समुद्रकाठच्या हॉटेलांत तर वेगळाच प्रकार होता. बाथरूमचे एक्झॉस्ट पंखे दिवसरात्र हवा बाहेर फेकत, तिची जागा घ्यायला दमट हवा भिंतींच्या पोकळीत शिरे आणि थंड भिंतीवरच्या विनाइल वॉलपेपरमागे तिचे पाणी होई. कागद सोलला की मागे काळी-गुलाबी बुरशी. कळंगुट-कोलव्याच्या पट्ट्यात हॉटेल चालवणाऱ्याला हे वर्णन परके वाटणार नाही.

गोव्याचा हिशेब मांडून पाहू. जुलैत बाहेर ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता धरली, तर त्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला वाफेचे पाणी होऊ लागते तो, २७ अंशांच्या आसपास येतो. एसीने २४ अंशांवर आणलेल्या भिंतीला ती हवा लागली की पाणी सुटणारच. त्यासाठी पावसाचा थेंबही लागत नाही. दीडशे घनमीटरच्या फ्लॅटमध्ये तासाला निम्मी हवा बदलते असे मानले, तर तासाला सुमारे एक लिटर जादा पाणी वाफेच्या रूपात आत येते. ते पिळून बाहेर काढायला एक टनाच्या एसीची साधारण पाचवा हिस्सा शक्ती खर्ची पडते. एसीच्या नळीखाली ठेवलेली बादली का भरते आणि बिल का फुगते, त्याचे हे एक कारण. गोवा आपल्याला लागणारी जवळजवळ सगळी वीज बाहेरून घेतो, हेही इथे लक्षात घ्यावे.

थंड देशांतले आकडे मात्र जसेच्या तसे उचलता येत नाहीत. बर्कलीच्या लॉरेन्स प्रयोगशाळेतील मॅक्स शर्मन यांच्या नावाशी जोडलेला एक ढोबळ नियम आहे: एन-५० ला वीसने भागा, वर्षभरातील सरासरी गळती मिळेल. त्या नियमात आत-बाहेरच्या तापमानातील मोठा फरक गृहीत आहे. गरम हवा वर चढते आणि खालून थंड हवा ओढते, हे इंजिन मिनिआपोलिसच्या जानेवारीत जोरात चालते. पर्वरीत आत २५ आणि बाहेर ३० असताना ते जवळजवळ बंदच. इथे गळती चालवतात वारा आणि एक्झॉस्टचे पंखे.

आणि मुळात आपली जुनी घरे गळण्यासाठीच बांधली होती. चिऱ्यांच्या जाड भिंती, उंच जोते, बाल्कांव (दारापुढची बैठकीची ओसरी), फोंड्याकडच्या हिंदू घरांत मधोमध राजांगण, जनेलांना, म्हणजे खिडक्यांना, काचेऐवजी शिंपल्यांच्या पातळ चकत्या. वर नळे, म्हणजे कौले. बासल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात कारखाना काढल्यानंतर ही यंत्राने घडवलेली कौले कोकणपट्टीभर पसरली, आणि नुसती एकात एक अडकवलेली कौले हवा खेळती ठेवतात. अशा घराला ब्लोअर डोअर लावले तर पंख्याला ५० पास्कल गाठताच येणार नाहीत, आणि ते घराचे अपयश नव्हे. घरात साठलेली ओल वाऱ्याने निघून जायची, हीच त्याची व्यवस्था होती. चांदोर-लोटलीतली मोठी घरे इतकी वर्षे टिकली ती या हवेमुळेही.

बिघडले ते मधल्या अवस्थेत. सिमेंट-काँक्रीटचा सांगाडा आला, सरकत्या ॲल्युमिनियम खिडक्या आल्या, आणि त्यावर एसी. सरकत्या खिडकीचे निम्मे तोंड नेहमी झाकलेलेच, म्हणून वारा पुरेसा येत नाही. कडांना ब्रशची पट्टी घासलेली, म्हणून हवा अडतही नाही. घर ना उघडे, ना बंद. भारतीय नियमावलीही या दुविधेतून सुटलेली नाही. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा, व्यावसायिक इमारतींची ऊर्जा संहिता २००७ ची, घरांसाठीची इको निवास संहिता डिसेंबर २०१८ ची. या शेवटच्या संहितेत उष्ण-दमट विभागासाठी उघडता येणाऱ्या खिडक्यांचे क्षेत्रफळ घराच्या कार्पेट क्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के हवे, म्हणजे सहावा हिस्सा. ही अट शहाणपणाची आहे आणि आपल्या जुन्या घरांशी तिचे नातेही जुळते. पण त्याच खिडक्या बंद करून एसी लावल्यावर त्या किती गळतात, हे घरात पंखा लावून मोजा असे ती सांगत नाही. माझ्या मते सगळे घर घट्ट करण्याच्या फंदात गोव्याने पडू नये. ज्या एक-दोन खोल्या थंड करायच्या त्या नीट बंद कराव्यात, बाकीचे घर मोकळे ठेवावे. घट्ट करताना एक पथ्य पाळावे: गॅसचा गीझर बंद बाथरूममध्ये असेल तर आधी तो बाहेर हलवावा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

गंमत म्हणजे आपल्याकडे हा पंखा दिसलाच तर घरात नव्हे, सर्व्हर रूममध्ये दिसण्याची शक्यता जास्त. त्यामागेही इतिहास आहे. संगणक-खोल्यांत आग विझवायला हेलॉन वायू भरलेला असे, आणि खोली तो धरून ठेवते का हे पाहायला खरोखरच वायू सोडून चाचणी घेत. हेलॉन ओझोनचा थर खातो. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर अशा चाचण्या परवडेनाशा झाल्या आणि १९८९ च्या अमेरिकी अग्निसुरक्षा मानकात दारातल्या पंख्याची पद्धत आली. आजही नव्या वायूंसाठी साधारणपणे खोलीने दहा मिनिटे वायू धरून ठेवावा, अशी अपेक्षा असते. म्हणजे यंत्र तेच, पण इथे कारण ना थंडी ना बिल.

घरासाठी चाचणी करवून घ्यायचीच असेल तर वेळ पाहावी. मानकानुसार जमिनीलगतचा वारा सेकंदाला तीन मीटरच्या आत हवा, नाहीतर दाबाचे आकडे एका जागी ठरत नाहीत. आषाढ-श्रावणात मिरामार-दोनापावलच्या बाजूला असा निवांतपणा क्वचितच. पाऊस सरल्यावर सकाळी, खारे वारे सुरू होण्याआधी, पंखा लावावा.